शहाण्णव तास

भंवरलालशेठ गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होते, तेव्हा खैरदरे नगरपालिकेचं रजिस्टर पत्र आलं. त्यांनी सही केली, पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

‘आपण पुरविलेल्या निकृष्ट दर्जाच्या साहित्यामुळे जॅकवेलमधील ब्रॅकेट निखळून योजनेचा पाणीपुरवठा खंडित झाला आहे. सबब आपल्या फर्मचे नाव काळ्या यादीत का टाकण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.’

“निकृष्ट,” शेठ म्हणाले. “मनन, हे वाच. निकृष्ट म्हणतात मला.”

धुळ्यात पाचव्या गल्लीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. एक्केचाळीस वर्षं झाली होती. शेठना एक खोड होती: दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या मालाच्या खोक्यातलं माहितीपत्रक ते वाचत. बारीक अक्षर असलं तर भिंग घेऊन वाचत. गिऱ्हाइकाला घाई असली तरी त्याला थांबवून महत्त्वाच्या ओळी ऐकवत. मुलगा मनन त्यावरून वैतागायचा, गिऱ्हाइकं हसायची, पण माल परत येत नसे.

“बाबूजी, वकिलाकडून एक उत्तर पाठवून देऊ,” मनन म्हणाला. “असल्या पत्रांचं काय एवढं.”

“वकील काय सांगणार? त्याने इपॉक्सी पाहिलंय का कधी?” शेठनी पत्राची घडी करून खिशात घातली. “मी उद्या खैरदऱ्याला जातो.”

माल त्यांना चांगला आठवत होता. पाण्याखाली काँक्रीटमध्ये बोल्ट बसवायचं इपॉक्सी. एका नळीत दोन भाग वेगवेगळे असतात, ती गनमध्ये घालून दाबली की तोटीत मिसळून बाहेर येतात, आणि भोकात बोल्टभोवती दगडासारखे घट्ट होतात. ठेकेदार प्रेमराजच्या माणसाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दहा नळ्या नेल्या होत्या. शेठनी तेव्हाही पत्रक उघडून त्यातल्या एका तक्त्याखाली लाल पेनाने रेघ मारून दिली होती. माल चांगला होता, मुदतीतला होता. मग चूक बोल्ट बसवणाऱ्याची. कुणीतरी अडाणी पाणबुड्या उतरवला असणार, भोकं न धुताच माल भरला असणार. देवपूरच्या घरी संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवताना ते बायकोला, राजकुंवरला, हेच सांगत होते. ताटातली पोळी मात्र तशीच राहिली.

“तुम्ही त्या माणसाला पाहिलं पण नाही,” राजकुंवर म्हणाल्या.

“पाहायला काय पाहिजे? काम दिसतंय ना.”

दुसऱ्या दिवशी ते एसटीने खैरदऱ्याला उतरले, तेव्हा दहा वाजून गेले तरी थंडी होती. सकाळी धुळ्यात पारा सातवर होता. जॅकवेल गावाबाहेर, तापीच्या बंधाऱ्यात होती. गोल, उंच विहीर, वर काँक्रीटचा ओटा, ओट्यावर पंपघर. ओट्यावर एक पन्नाशीचा माणूस लोखंडी पेटीवर बसला होता. अंगात दोन स्वेटर, हाताच्या बोटांची कातडी सोलवटलेली. शेजारी हवेची नळी वेटोळं करून ठेवलेली.

“पाणबुड्या तूच का?” शेठनी विचारलं.

“हां. उखर्डू.” त्याने शेठकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आनि तुम्हीन?”

“ज्याचा माल तुम्ही सगळ्यांनी मिळून निकृष्ट ठरवलाय, तो मी.”

उखर्डू ताडकन उठला. “बरं व्हयनं उनात. मीच येवाव व्हतू तुम्हना दुकानवर! बठ्ठा गाव माले बोली ऱ्हायना. तीस वरीस पानीमा काढात मी. दीपनगरना वीजकेंद्रमा काम करं, धरनना दरवाजा बसाडात. एक बोल्ट निंघना नई मन्हा हातना. आनि तुमना मालनी माले तोंड काळं करायला लावं!”

“माझा माल? भोकं धुतली होतीस का आधी?”

“तीनदाव. बुरूस मारी, पानी मारी, पुन्हा बुरूस.”

“माल भोकाच्या तळापासून भरलास?”

“मंग काय वरथून भरसू? तोटी तळले लायी, मंग हळूहळू मांगे खेची. पानी बाहेर, माल आतमा. शेठ, तुम्ही माले शिकाडू नका.”

“नळ्या थंड होत्या का?”

उखर्डूने पेटीमागची प्लास्टिकची बादली दाखवली. “या बादलीमा ऊनऊन पानी करी तेम्हा नळ्या ठेवल्या व्हत्यात. थंडीमा माल गन दाबाले देत नई. पहिला दोन घोट सफेद निंघनात, ते फेकी दिधात. करडा रंग उना मंगच भरा.”

एक्केचाळीस वर्षांत शेठना पत्रकातली एवढी कलमं कुणी अशी धडाधड सांगितली नव्हती. त्यांनी भिंत धरून ओट्याच्या कडेला बूड टेकलं. रागाला आता दुसरी जागा शोधायला हवी होती, आणि ती कुठली हे त्यांना कळेना.

“निघालेला बोल्ट आहे का एखादा?” त्यांनी शेवटी विचारलं.

उखर्डूने पेटीतून फडक्यात गुंडाळलेला बोल्ट काढला. “त्या दिनले काढा तव्हय माल हलवामायक व्हता. बोटले चिकटे.”

शेठनी बोल्टवरच्या करड्या थराला नख लावलं. नख घसरलं. खिशातली किल्ली काढून घासली. चरा पडला नाही.

“हा बघ,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “हलवा होता ना? आज दगड आहे. माल खराब असता तर आजही चिकट असता. माल चांगला आहे, उखर्डू. तुझं कामही चांगलं आहे. बोल्ट कधी बसवलेस?”

“मंगळवारले. दुपार व्हती, दोन वाजेल व्हतात.”

“आणि भार कधी दिला?”

“बुधवारले, बारा वाजता.”

बावीस तास. शेठनी डोळे मिटून घेतले. उखर्डूने मग सगळं सांगितलं. बुधवारी कार्यक्रम होता. योजनेचा दुसरा टप्पा, मंडप, पाहुणे, बटण दाबून पंप सुरू करायचा. पाणी खेचणारा मोठा पाइप भिंतीतल्या दोन ब्रॅकेटांपैकी पहिल्यावर टांगायचा होता. उखर्डूने प्रेमराजला सांगितलं होतं, भाऊ, चार दिवस हात लावू नका. प्रेमराज हसला होता. ‘इथे काय बर्फ पडतो का रे? खान्देश आहे हा. मेमध्ये याच मालाचे बोल्ट मी आठ तासांत लोड केलेत.’ बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि दहा मिनिटांत भिंतीतून कटकट आवाज आला. पाइप तिरपा होऊन खाली गेला. पाहुण्यांची गाडी अजून बंधाऱ्यावरच होती.

“आनि संध्याकाळले माले सांगं, तू काम बिघाडं,” उखर्डू म्हणाला. “दुसरा दिन सांगं, माल खराब व्हता. जसं ज्याले पटी तसं.”

शेठनी पिशवीतून काचेचं थर्मामीटर काढलं. दूधडेरीवाल्यांसाठी ते दुकानात ठेवत. बाटलीत घालून, दोरी बांधून उखर्डूने ते विहिरीत ब्रॅकेटच्या खोलीपर्यंत सोडलं, दहा मिनिटांनी वर काढलं. चौदा. शेठनी पत्रकाची प्रत पसरली. दहा ते पंधरा अंश, अठ्ठेचाळीस तास. खाली बारीक अक्षरात: पाण्याखाली दुप्पट.

“शहाण्णव,” ते म्हणाले. “चार दिवस. तू न वाचता बरोबर सांगितलंस.”

“वाचं नई. हात सांगस.”

तेवढ्यात नगरपालिकेची कनिष्ठ अभियंता सारिका स्कूटीवरून आली. तिशीची, बारीक अंगाची, कपाळाला मफलर. शेठनी तिच्यासमोर बोल्ट, पत्रक आणि थर्मामीटर मांडलं. तिने सगळं शांतपणे पाहिलं.

“मला माहीत आहे,” ती हळूच म्हणाली.

“माहीत आहे?” शेठ उभे राहिले. “माहीत आहे आणि तुमच्या ऑफिसातून मला निकृष्ट म्हणून पत्र येतं? या माणसाला गावात तोंड दाखवता येत नाही!”

“पत्र मी लिहिलेलं नाही, काका. अहवाल बुधवारी रात्रीच तयार झाला. मला फक्त सही करायला दिला.”

“आणि तुम्ही केलीत.”

उखर्डूने मान दुसरीकडे वळवली. शेठना जरा वाईट वाटलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

“दुसरा ब्रॅकेट जागेवर आहे ना?” त्यांनी विचारलं. “त्याच दिवशी, त्याच नळ्यांनी, याच हाताने बसवलेला. त्याच्यावर भार दिलाय का?”

“नाही. दुसरा पंप अजून आलेलाच नाही.”

“मग तो ओढून बघू. निघाला तर मी निकृष्ट, हा अडाणी. आम्ही दोघं तुमच्या ऑफिससमोर कान धरून उभे राहू. नाही निघाला, तर तुम्ही सांगायचं काय झालं ते.”

जॅक शेठनीच आणला. जळगावच्या एमआयडीसीत त्यांच्या ओळखीचा एक मशिनरीवाला होता, त्याच्याकडे बोल्ट ओढून बघायचा जॅक होता. शनिवारी सकाळी ओट्यावर सारिका होती, प्रेमराज होता आणि मुख्याधिकाऱ्यांनी पाठवलेला एक क्लार्क होता. प्रेमराजने पांढरा सदरा आणि काळा गॉगल घातला होता. शेठना त्याने खाली वाकून नमस्कार केला. तो नमस्कार पाहून शेठचं डोकं जास्तच तापलं.

उखर्डू रबरी सूट चढवून खाली गेला. सहा मीटर. जॅक बोल्टला लावायचा, वर यायचं, शेगडीवर हात शेकायचे, पुन्हा जायचं. दर पंधरा मिनिटांनी त्याची बोटं मिटेनाशी होत. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा चहाचा कप त्याच्या हातात राहीना, तर शेठनी स्वतः कप धरून त्याला चहा पाजला. प्रेमराजचा एक माणूस हसला. शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पंपघरात निघून गेला.

जॅकचा हातपंप वर होता. काटा चढत गेला. एक टन, दोन टन, तीन. सारिकाने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं काटा हलला नाही.

“चार घ्या,” शेठ म्हणाले.

“तीनच लागतात, काका.”

“मला माहीत आहे किती लागतात. चार घ्या.”

सहाच्या सहा बोल्टांनी चार टन घेतले. क्लार्कने कागदावर आकडे लिहिले आणि खाली सही कुणाची घ्यायची म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. प्रेमराजने गॉगल पुसला.

“ठीक आहे ना शेठजी,” तो म्हणाला. “चांगलं झालं. सगळ्यांचीच इज्जत राहिली. आता पहिला ब्रॅकेट पुन्हा बसवून टाकू आणि विषय संपवू.”

“सगळ्यांची?” उखर्डू म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. “मन्ही इज्जत तुम्हीन चौकमा टांगी व्हती, भाऊ. ती राहिनी म्हनता?”

सोमवारी दुपारी चार वाजता उखर्डूने जुनी भोकं सोडून वीतभर खाली नवीन सहा भोकं पाडली आणि पहिल्या ब्रॅकेटचे बोल्ट बसवले. शेठ ओट्यावर होते. नळ्या त्यांच्याच दुकानातल्या होत्या. त्यांनी पंपघराच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: शुक्रवार, दुपारी चार. मग धर्मशाळेत उतरले. मननचे फोन आले, ते म्हणाले, दुकान तू सांभाळ. रोज सकाळी माकडटोपी, शाल आणि घडीची खुर्ची घेऊन ते ओट्यावर येऊन बसत, उन्हं उतरली की जेवायला परत जात.

गावात पाणी आठव्या दिवशी येत होतं, आणि त्यात आता हे. बुधवारी सकाळी प्रेमराज चार माणसं आणि टेम्पो घेऊन आला. त्याच्या मागे वीस-पंचवीस बाया होत्या, काहींच्या कमरेवर रिकामे हंडे.

“हे बघा, शेठजी, लोक आलेत,” प्रेमराज मोठ्याने म्हणाला. “अठ्ठेचाळीस तास होत आले. माल घट्ट झालाय. पाइप टांगतो, दुपारपर्यंत पाणी देतो. धुळ्याचा माणूस गावाचं पाणी अडवून बसलाय म्हणतील.”

त्याच्या माणसांनी पाइप उचलायची चेनकप्पी ओढली. तिला हूकच नव्हता. उखर्डू पेटीवर बसला होता. हूक पेटीत होता.

“दे तो,” प्रेमराज म्हणाला.

“शुक्रवारले, चार वाजता.”

बायांमध्ये एकच गलका झाला. पुढे भिकुबाई नावाची साठीची बाई होती, आवाज धारदार. “काबरं बसेल शेतस रे तुम्हीन? आमना घरमा पोरं शेतस, ढोरं शेतस! काय पाप करं आम्हीन?”

प्रेमराज हात जोडून बाजूला झाला. शेठ खुर्चीतून उठले. त्यांना अहिराणी नीट बोलता येत नसे, पण कळत सगळं होतं.

“अक्का,” ते म्हणाले, “मागच्या वेळी पाइप का पडला, तुम्हाला काय सांगितलं?”

“माल खराब व्हता म्हने. आनि पानबुड्या दारू पिसन उतरना व्हता.”

उखर्डूचा चेहरा पांढरा पडला. दारूचं त्याने आजच ऐकलं. तो उठला. शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात त्यांनी काढलाच नाही.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले. ते इतक्या जोरात म्हणाले, की पंपघरावरची कबुतरं उडाली. “हा माणूस दारूला शिवत नाही. याने चार दिवस थांबा म्हणून सांगितलं होतं. पाहुण्यांची वेळ चुकू नये म्हणून याचं ऐकलं नाही. एका दिवसात भार दिला. पाइप पडला, तुमचं पाणी गेलं, आणि दोष याच्या डोक्यावर घातला. आज पुन्हा तेच करायला आलेत. अक्का, दोन दिवस थांबलात तर पाणी टिकेल. आज टांगलं तर दुपारी येईल आणि संध्याकाळी जाईल. मग मला आणि याला पुन्हा शिव्या द्याल. द्या. पण हूक मिळणार नाही.”

भिकुबाईने आधी शेठकडे, मग उखर्डूकडे पाहिलं. “खरं शे का रे हाई?”

“खरं शे, अक्का,” उखर्डू म्हणाला.

तिने हंडा खाली ठेवला आणि प्रेमराजकडे वळली. “पाहुनासाठे? पाहुनासाठे आमनं पानी गयं? आनि आम्हले सांगं दारू?”

आता सगळ्या बाया एकदम बोलू लागल्या, पण तोंडं प्रेमराजकडे. तो मोबाइल कानाला लावून टेम्पोकडे निघाला. तितक्यात सारिका पोचली. तिला रस्त्यातच कळलं होतं. तिने पिशवीतून साइटचं रजिस्टर काढलं, खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं: ‘शहाण्णव तास पूर्ण होण्याआधी भार देऊ नये. मागील वेळी बावीस तासांत भार दिल्यामुळे बोल्ट निघाले. साहित्य व कारागिरी यांत दोष नव्हता.’ खाली सही, तारीख, वेळ.

“मॅडम, विचार करून लिहा,” प्रेमराज टेम्पोजवळून म्हणाला. “साहेबांना आवडायचं नाही.”

“मागच्या वेळी विचार केला होता,” सारिका म्हणाली. “म्हणून तर हे झालं.”

शुक्रवारी चार वाजता पाइप टांगला. उखर्डू खाली जाऊन हात लावून आला, बोट वर करून दाखवलं. पंप सुरू झाला. तासाभराने भिकुबाईने कुणाला तरी पाठवून नळाला पाणी आल्याचं कळवलं. ओट्यावर टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. उखर्डूने पेटी आवरली, शेठनी खुर्ची मिटली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी धुळ्याला पत्र आलं: ‘सदर घटना तांत्रिक कारणाने घडल्याचे निदर्शनास आल्याने आपणांविरुद्धची कारवाई निरस्त करण्यात येत आहे.’ उखर्डूचं नाव त्यात कुठेच नव्हतं. महिन्याभरात सारिकाची बदली जन्म-मृत्यू नोंदणीला झाली. प्रेमराजला शेजारच्या तालुक्यातल्या योजनेचं काम मिळालं, आणि तिथल्या लोकांना तो सांगत असे, खैरदऱ्याला आपणच चार दिवस थांबलो, क्वालिटीच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही.

शेठनी पत्रातल्या ‘तांत्रिक कारण’ या शब्दांखाली लाल रेघ मारून ते परत पाठवलं. शेजारी लिहिलं: ‘कोणते? ज्यांच्यावर आळ घेतला त्यांची नावे घालून लिहावे.’ उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं. त्यालाही आलं नाही.

मार्चमध्ये उखर्डू धुळ्याला दुकानात आला. उन्हं तापली होती, त्याने पांढरा रुमाल डोक्याला बांधला होता. शेठनी त्याला आत बसवलं, सरबत मागवलं. मनन म्हणाला, “उखर्डूभाऊ, तुम्हीच सांगा बाबूजींना. आता तरी सोडा म्हणावं.”

उखर्डू हसला. “शेठ, सोडी द्या आते. गावले ठावकं शे. भिकुबाई मन्ही माफी मांगी गयी घर यीसन.”

“भिकुबाईने मागितली,” शेठ म्हणाले. “तिची चूक होती का?”

“नई.”

“ज्यांची होती त्यांनी?”

उखर्डूने ग्लास खाली ठेवला.

“दारूनं बोलनात ते माले अजून झोपू देत नई,” तो म्हणाला. “मन्हा बापनी बी कधी पिदी नई.”

“मग तू सोडलंस का?”

“नई, शेठ.”

शेठनी कोरा कागद ओढला. “मग बस इथे. या वेळेला कलेक्टरसाहेबांना लिहू. खाली दोघांच्या सह्या. पहिलं वाक्य तू सांग, तुझ्या भाषेत सांग. मी जसंच्या तसं लिहितो.”

उखर्डूने घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.